ईश्वरेच्छा व इच्छास्वातंत्र्य, ख्रिस्ती

मनुष्याची इच्छा स्वतंत्र आहे काय आणि असल्यास ती ईश्वराच्या इच्छेला शरण जाते तेव्हा नेमके काय घडते, हा ख्रिस्ती ईश्वरविद्येतील मूलभूत प्रश्नांपैकी एक होय. ईश्वर सर्वज्ञ व सर्वशक्तिमान असून तारण त्याच्या कृपेनेच होते, हे ख्रिस्ती श्रद्धेचे एक सूत्र. मनुष्य आपल्या पापास स्वतः जबाबदार आहे, हे दुसरे. ही दोन्ही सूत्रे एकाच वेळी खरी कशी मानावयाची, याविषयी चौथ्या-पाचव्या शतकांपासून वाद चालू आहे. मराठी भाषिक प्रदेशात हा प्रश्न सोळाव्या शतकात गोव्यातील मिशनऱ्यांबरोबर आला. एकोणिसाव्या शतकात धर्मांतरित मराठी विद्वानांनी तो कर्मसिद्धांत, अद्वैत आणि भक्ती यांच्या संदर्भात नव्याने मांडला. त्यांच्यापैकी कित्येकांच्या बाबतीत तो केवळ ग्रंथगत राहिला नाही. बाप्तिस्मा घेणे हीच एक स्वेच्छेची कृती होती आणि तिची किंमत घर, जात व नातलग यांच्या रूपाने मोजावी लागे.

बायबलमध्ये या प्रश्नाचे सैद्धांतिक विवेचन नाही. तेथे आहेत ते प्रसंग व प्रतिमा. आदाम आणि हव्वा यांनी आज्ञाभंग केला तो बळजबरीने नव्हे. परंतु पौलाच्या रोमकरांस पत्रात कुंभार व माती यांचा दृष्टांत येतो आणि मातीने कुंभारास जाब विचारू नये, असे सुचविले जाते. फिलिप्पैकरांस पत्रात तर दोन्ही बाजू एकाच वाक्यात आल्या आहेत : श्रोत्यांनी आपले तारण स्वतः साधावे, कारण त्यांच्या ठायी इच्छा व कृती घडविणारा ईश्वरच आहे. लूकच्या शुभवर्तमानात देवदूताचा निरोप ऐकून मरिया संमती देते. ही संमती न मिळती तर काय झाले असते, असा प्रश्न मध्ययुगीन प्रवचनकारांना विशेष प्रिय होता. गेथशेमाने बागेतील येशूची प्रार्थना हा या साऱ्याचा कळस. मरणाचा प्याला टळावा असे त्याला वाटते, तसे तो बोलूनही दाखवितो आणि मग पित्याच्या इच्छेपुढे आपली इच्छा बाजूस ठेवतो. प्रभूच्या प्रार्थनेतील ईश्वरेच्छा पूर्ण व्हावी ही तिसरी मागणी याच अर्थाने समजून घेतली जाते.

या प्रार्थनेवरूनच पुढे एक मोठा तात्त्विक वाद उद्भवला. ख्रिस्ताच्या ठायी एकच, दैवी इच्छा होती, असे मानणारा पंथ सातव्या शतकात बायझंटिन साम्राज्यात प्रबळ झाला. मॅक्सिमस द कन्फेसर (५८०–६६२) याने त्याला विरोध केला. मानवी इच्छा नसलेला ख्रिस्त पूर्ण मानव ठरत नाही आणि मग त्याच्या आज्ञाधारकतेलाही अर्थ उरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. कॉन्स्टँटिनोपल येथील तिसऱ्या धर्मपरिषदेने (६८०–८१) ख्रिस्ताच्या ठायी दोन इच्छा आहेत व मानवी इच्छा दैवी इच्छेस अनुसरते, असा निर्णय दिला. शरणागतीत मानवी इच्छा नष्ट होत नाही, हा या निर्णयाचा आशय. पुढील चर्चेत त्याचा जितका उपयोग व्हावयास हवा होता तितका झाला नाही.

पाश्चात्त्य परंपरेत वादाची चौकट ऑगस्टीन (३५४–४३०) याने घालून दिली. आरंभी मानी पंथाचे खंडन करताना त्याने दुष्टतेचे मूळ इच्छेच्या स्वैर वापरात शोधले. पिलेजियस या ब्रिटिश तपस्व्याने मनुष्य आपल्या बळावर पापमुक्त राहू शकतो अशी शिकवण दिली, तेव्हा मात्र ऑगस्टीनने पतनानंतरची मानवी इच्छा कृपेवाचून चांगले निवडूच शकत नाही, असे प्रतिपादन केले. कार्थेजच्या परिषदेने (४१८) पिलेजियसचे मत त्याज्य ठरविले. ऑरेंजच्या दुसऱ्या परिषदेने (५२९) कृपेचे अग्रत्व मान्य केले. परंतु ईश्वर कोणास पापासाठीच नेमून ठेवतो, हे मत धिक्कारले. टॉमस अक्वाय्‌नस (१२२५–७४) याच्या मते ईश्वर हा आदिकारण असल्याने तो प्रत्येक वस्तूस तिच्या स्वभावानुसार हलवितो. म्हणून स्वतंत्र इच्छेस तो स्वतंत्रपणेच हलवितो. श्रद्धा ही इच्छेची कृती असल्याने ज्यांनी ती कधी स्वीकारलीच नाही, त्यांच्यावर सक्ती करता येत नाही, असेही त्याने म्हटले आहे. याउलट ऑगस्टीनने डोनेटस पंथीयांविरुद्ध राजसत्तेच्या सक्तीचे समर्थन केले होते. चर्चने पुढे या दोहोंचाही सोयीनुसार आधार घेतला.

सोळाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला. इरॅस्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याचा पक्ष घेतला. मार्टिन ल्यूथरने १५२५ मध्ये त्यास उत्तर देताना तारणाच्या बाबतीत मानवी इच्छा बंदिस्त असल्याचे सांगितले. जॉन कॅल्व्हिनने (१५०९–६४) पूर्वनियोजनाचा सिद्धांत अधिक काटेकोरपणे मांडला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये कृपा प्रथम येते, पण मनुष्य तिला संमती देऊ शकतो तसा नाकारूही शकतो, असे ठरविले. ही संमती व कृपा यांचा मेळ कसा बसतो, यावर कॅथलिकांमध्येच जेझुइट व डॉमिनिकन या दोन संघांत कडाक्याचे भांडण झाले. लुईस दे मोलिना या जेझुइटाच्या १५८८ मधील ग्रंथाने त्याची सुरुवात झाली. कोणता मनुष्य कोणत्या परिस्थितीत काय निवडील हे ईश्वर आधीच जाणतो, अशी त्याची उपपत्ती होती. रोममध्ये १५९८ पासून याची चौकशी चालली आणि १६०७ मध्ये पाचव्या पॉल पोपने निर्णय न देताच ती थांबविली. हॉलंडमधील प्रॉटेस्टंटांतही असाच वाद झाला. आर्मिनियसच्या अनुयायांची मते डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) फेटाळली. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने आणि त्याच्या मेथडिस्ट पंथाने ती मूलतः स्वीकारली.

गोव्यात या तत्त्वचर्चेची कसोटी लागली. गोव्याच्या पहिल्या प्रांतिक परिषदेने (१५६७) कोणालाही बळाने ख्रिस्ती करणे योग्य नाही, असे आरंभीच म्हटले. त्याच परिषदेने हिंदू पुरोहितांना हद्दपार करावे, हिंदूंचे सार्वजनिक विधी बंद करावेत आणि हिंदूंना ठराविक दिवशी प्रवचनास हजर राहावयास लावावे, असेही ठराव केले. अनाथ बालकांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचे फर्मान त्यापूर्वीच निघाले होते आणि १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली होती. मनुष्याला दुसरा मार्गच उरू द्यावयाचा नाही आणि उरलेल्या मार्गाने तो गेल्यावर त्याची संमती स्वेच्छेची मानावयाची, असा हा व्यवहार होता. अक्वाय्‌नसच्या तत्त्वाशी तो जुळत नाही.

टॉमस स्टीफन्स (मृ. १६१९) हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने आयुष्याचा बराच काळ साष्टी प्रांतात घालविला. त्याचे क्रिस्तपुराण राचोल येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. पैले पुराण व दुसरे पुराण अशा दोन भागांत सु. अकरा हजार ओव्या असलेला हा ग्रंथ नवख्रिस्ती लोकांसाठी होता. त्यात पाद्री हा गुरू आहे आणि श्रोते त्यास शंका विचारतात. ही योजना पुराणाच्या परंपरेतील असली, तरी तिचा एक परिणाम लक्षणीय आहे. येथे श्रोत्याने नुसते ऐकून मान तुकवावयाची नाही. विचारावयाचे आणि मग पटवून घ्यावयाचे आहे. ज्यांच्या घराण्यात बाप्तिस्मा अनेकदा फर्मानांच्या सावलीत आला होता, त्यांना आपल्या भाषेत व आपल्या छंदात संमती देण्याची संधी या ग्रंथाने मागाहून दिली, असे म्हणता येईल. मोलिनाचा वाद युरोपात ताजा असतानाही स्टीफन्सने सामान्य श्रोत्यांसाठी सृष्टी, पतन, अवतार आणि क्रूसावरील मरण या कथांवरच भर दिला, हे त्याच्या उद्देशाशी सुसंगतच होते.

उत्तर कोकणात वसई, ठाणे, साष्टी आणि खाडीकाठचा मानखुर्द-तुर्भे परिसर हे भाग पोर्तुगीज अमलाखाली आले आणि मराठ्यांच्या १७३७–३९ मधील वसईच्या मोहिमेपर्यंत ते तसेच राहिले. येथील ख्रिस्ती समाज पुढे ईस्ट इंडियन म्हणून ओळखला जाऊ लागला. फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइंश याचे मराठी वळणाचे पुराण १६५९ मध्ये छापले गेले. उत्तर कोकणातील या समाजात ते उपवासकाळात म्हटले जाई. त्याचा मुख्य विषय ख्रिस्ताचे दुःखभोग व मरण हा आहे. शेतकरी आणि मिठागरकरी वस्त्यांतील या श्रोत्यांपर्यंत ईश्वरेच्छेपुढे नमण्याचा विचार धर्मपरिषदांच्या निर्णयांतून नव्हे, तर अशा गायनातूनच पोहोचला. राज्य बदलल्यावरही यांतील बहुसंख्य लोक ख्रिस्ती राहिले. सक्ती करणारी सत्ता गेल्यानंतर टिकलेल्या या श्रद्धेला केवळ सक्तीचे फळ म्हणता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशने आली ती आपापली उत्तरे घेऊन. अमेरिकन मराठी मिशन (मुंबईत १८१३ पासून) व स्कॉटिश मिशन यांचा वारसा कॅल्व्हिनचा होता. इंग्लंडच्या चर्चची भूमिका अधिक सावध होती आणि १८७० नंतर आलेले मेथडिस्ट प्रत्येकाला कृपा स्वीकारण्याचे स्वातंत्र्य आहे, असे सांगत. मराठी श्रोत्यास हे सूक्ष्म भेद फारसे कळले नाहीत. पण त्याला एक वेगळी शंका होती. पूर्वजन्म नसेल तर एक जन्मतः आंधळा आणि दुसरा डोळस का? आणि आंधळ्याच्या पापाचा हिशेब एकाच जन्मात कसा पुरा होतो? मोरभट दांडेकर व जॉन विल्सन यांच्यातील १८३० नंतरच्या वादापासून विष्णुबुवा ब्रह्मचारी यांच्या मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरील १८५७ मधील सभांपर्यंतच्या काळात अशा शंकांभोवती वाद होत राहिले. कर्मसिद्धांत हा नियतिवाद आहे, असे मिशनरी म्हणत. पंडित म्हणत, की तोच खरा न्याय असून ख्रिस्ती ईश्वर मात्र लहरी ठरतो.

स्वेच्छेचा हाच प्रश्न न्यायालयातही गेला. १८३९ मध्ये विल्सनने धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला, तेव्हा मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज झाला. धनजीभाई समजत्या वयाचे ठरल्यामुळे त्यांना हवे तिकडे जाण्याची मुभा मिळाली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा सु. बारा वर्षांचा भाऊ श्रीपत मिशनच्या आश्रयास राहिला. या वेळी न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेऊन त्याला प्रायश्चित्तपूर्वक जातीत परत घेतले व त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. श्रीपतला स्वतःला काय हवे होते, हे ठरविण्याचा अधिकार मिशनला, पित्याला व जातीला होता. त्याला मात्र नव्हता. पुढे १९७७ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही, असे ठरविताना प्रत्येकाच्या सदसद्‌विवेकाच्या स्वातंत्र्याचाच आधार घेतला.

मराठी घराण्यातील ज्या विद्वानाने या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनी विचार केला, ते नीलकंठशास्त्री तथा नेहेम्या गोऱ्हे (१८२५–९५) होत. चित्पावन कुळात जन्मलेले गोऱ्हे काशीस वाढले. जॉन म्यूर या अधिकाऱ्याने मतपरीक्षा (१८३९) हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माचे मंडन केले होते. त्याचे खंडन करण्यासाठी तरुण गोऱ्हे यांनी १८४४-४५ मध्ये शास्त्रतत्त्वविनिर्णय लिहिला. त्यात त्यांनी ख्रिस्ती मताच्या वर्मावरच बोट ठेवले. पूर्वकर्म न मानता जीवांच्या विषमतेचा उलगडा होत नाही आणि मर्यादित आयुष्यातील पापास अनंत नरक ही शिक्षा दयाळू ईश्वराला शोभत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मार्च १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

षड्दर्शन दर्पण (१८६०) या हिंदी ग्रंथात त्यांनी विरुद्ध बाजूने लिहिले. सांख्यांचा पुरुष अकर्ता आहे आणि अद्वैत्यांचा आत्मा नित्यमुक्त. मग पाप कोणाचे आणि पश्चात्ताप कोणी करावयाचा, हा त्यांचा मुख्य आक्षेप. ईश्वराला शरण जावयाचे तर शरण जाणारा त्याच्याहून भिन्न व खरा असला पाहिजे. मॅक्सिमसने ग्रीक भाषेत मांडलेला मुद्दा बाराशे वर्षांनी काशीत न्यायशास्त्राच्या परिभाषेत पुन्हा उपस्थित झाला, असे म्हणावयास हरकत नाही. तरीही आपल्या पूर्वीच्या आक्षेपांचे पूर्ण समाधान गोऱ्हे यांना कधीच लाभले नाही. अनंत शिक्षेच्या सिद्धांताने त्यांना अखेरपर्यंत छळले. उत्तरायुष्यात ते इंग्लंडच्या चर्चमधील कॅथलिक वळणाच्या काउली संघाकडे वळले व पुण्यास राहिले. तर्काने न सुटणारी गाठ चर्चच्या अधिकारावर सोपविण्याचा हा मार्ग होता. त्यांच्या तर्कशक्तीचा विचार करता तो सहजासहजी घेतलेला नसावा.

गोऱ्हे यांच्या लेखनाचा प्रभाव पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्यावर पडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र गोऱ्हे यांनी पत्करलेला अधिकार त्यांनी नाकारला. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेरल्डीन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार हा या विषयावरील एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे. तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. चेल्टनम येथील महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये, असा बिशपांनी आग्रह धरला. त्रैक्य व कुमारीजन्म यांविषयीच्या शंका हा त्यांचा अहंकार आहे आणि चर्चला शरण जाणे म्हणजेच ईश्वराला शरण जाणे, असे सिस्टर जेरल्डीन यांचे मत होते. रमाबाईंनी कळविले, की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली इच्छा नाही. ईश्वराने आपल्याला विवेक दिला आहे आणि आपण आज्ञा पाळू ती त्याची. त्यांनी शाकाहारही सोडला नाही. ईश्वरेच्छा आणि ईश्वराच्या नावाने बोलणाऱ्यांची इच्छा या दोहोंत त्यांनी केलेला भेद ही मराठी ख्रिस्ती विचाराची मोठी कमाई होय.

या भूमिकेची कसोटी त्यांच्या स्वतःच्या संस्थेतच लागली. शारदा सदन मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी निघाले आणि पुढील वर्षी पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण नव्हते; पण रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत व काही विधवा मुली तेथे येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून गदारोळ उठला. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुलींवर बळजबरी नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते आणि ते खरेच होते. परंतु निराधार मुलीची संमती आश्रयदातीच्या उघड्या दारापाशी कितपत स्वतंत्र राहते, हा टीकाकारांचा प्रश्नही निरर्थक नव्हता. मात्र घरी परत नेलेल्या विधवेची इच्छा कोणी विचारली, हे टीकाकारांनीही सांगितले नाही. दरम्यान १८९१ च्या सुमारास रमाबाईंना स्वतःला निराळा अनुभव आला होता. आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताला नव्हे, असे त्यांना जाणवले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या जॉर्ज म्यूलरच्या धर्तीवर केवळ ईश्वरावर भार टाकून संस्था चालवू लागल्या. तारुण्यातील बंडखोरी व ही पूर्ण शरणागती यांत विसंगती असल्याचे काही चरित्रकारांना वाटते. वस्तुतः माणसांपैकी कोणालाही शरण न गेल्यामुळेच त्यांना ही शरणागती शक्य झाली.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी हा प्रश्न भक्तीच्या परिभाषेत नेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. वारकरी संतांच्या काव्यात मनुष्याची धडपड व देवाचे धावून येणे ही एकाच नात्याची दोन अंगे असल्याने त्यांना पूर्वनियोजनाच्या वादाची गरज भासली नाही. दक्षिणेतील श्रीवैष्णवांमध्ये मर्कटन्याय व मार्जारन्याय असे दोन पक्ष आहेत. माकडाचे पिलू आईला धरून राहते, मांजराचे पिलू आईच्या तोंडात निश्चेष्ट असते. ऑगस्टीन व पिलेजियस यांच्यामधील संपूर्ण पल्ला त्यांत येत नसला, तरी हे साम्य रूडॉल्फ ओटो याच्यासारख्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. टिळकांची वृत्ती या दोहोंच्या मधली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या भक्तांनाही त्यात स्थान होते.

टिळकांच्या या निर्णयांचा भार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांच्यावर पडला. पतीच्या बाप्तिस्म्यासाठी त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. एकत्र आल्यावरही प्रारंभी सोवळे व वेगळे पाणी सांभाळून होत्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पतीची आज्ञा म्हणून नव्हे, तर जात ईश्वराने केली की माणसाने, या प्रश्नाचे उत्तर स्वतःला मिळाल्यावर. स्मृतिचित्रे (१९३४–३६) मध्ये हा बदल त्यांनी कोणताही सिद्धांत न सांगता निवेदन केला आहे. इच्छा कशी वळते, हे समजून घेण्यासाठी या पुस्तकाची काही पाने कित्येक ईश्वरविद्याविषयक प्रबंधांहून अधिक उपयोगी आहेत.

गोऱ्हे, रमाबाई व टिळक दांपत्य ही सर्व मंडळी ब्राह्मण होती. अहमदनगर, जालना इ. भागांत १८७६–७८ च्या दुष्काळाच्या आगेमागे महार व मांग कुटुंबे गटागटाने ख्रिस्ती झाली. अन्नासाठी आलेल्यांची श्रद्धा खरी मानावी काय, अशी चर्चा मिशनऱ्यांत झाली. धर्मांतर म्हणजे एकट्या व्यक्तीच्या अंतःकरणातील निर्णय, हे गृहीतच या गटांना लागू पडत नव्हते. तेथे वाड्या एकत्र बसून ठरवीत आणि अस्पृश्यतेतून सुटण्याची इच्छा तारणाच्या इच्छेपासून वेगळी काढता येत नसे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याचे फर्मान काढून श्रद्धेच्या बाबतीत कोणतीही सक्ती अमान्य केली. १९९९ मध्ये ल्यूथरन व कॅथलिक चर्चनी ऑग्जबर्ग येथे संयुक्त निवेदन करून कृपेच्या अग्रत्वाविषयीचा जुना वाद बऱ्याच अंशी मिटविला. दलित ख्रिस्ती विचारवंतांचा आक्षेप मात्र निराळ्या दिशेचा आहे. मूळचे महाराष्ट्रातील अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगलोर येथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्र ईश्वरविद्येची मांडणी केली. भारतीय ख्रिस्ती विचार ब्राह्मण धर्मांतरितांच्या प्रश्नांभोवतीच फिरत राहिला, असे त्यांनी दाखवून दिले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या आपली स्थिती ही ईश्वरेच्छाच असल्याचे ऐकविले गेले, त्यांना शरणागतीचा उपदेश करण्यापूर्वी गेथशेमानेतील प्रार्थनेचा पूर्वार्धही वाचावा लागतो. प्याला टळावा, ही मागणी त्या प्रार्थनेत आधी येते.